रडीचा डाव की अर्धवट राहिलेला प्रश्न? ब्रेक्झिट आणि दुसरं सार्वमत

माझा एक आतेभाऊ २०१६ साली लंडनजवळ स्लाऊला नोकरीत होता. भारतीय पासपोर्ट, कंपनीने काढून दिलेला व्हिसा, जेमतेम दीड वर्षाचा मुक्काम. तिथल्या कौन्सिलचा मतदार नोंदणीचा फॉर्म घरी आला तो त्याने भरून टाकला होता, तरी दारात मतदानाचं कार्ड पडलं तेव्हा त्याला वाटलं की आधीच्या भाडेकरूचं असणार. नाव त्याचंच होतं. राष्ट्रकुल देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असतील तर त्यांना मत देता येतं, आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा का यावरच्या, सार्वमताला हाच नियम लावला होता. त्याच्या शेजारचा पोलिश गवंडी दहा वर्षं तिथे कर भरत होता, पोरं तिथल्या शाळेत, आणि जे काही ठरणार त्याचा पहिला फटका त्यालाच. त्याला मत नव्हतं. "दादा, मत देऊन आलो आणि जिन्यात तो समोर आला. कुठे बघावं कळेना," असं भावाने फोनवर सांगितलं होतं.

'लोकांनी एकदा कौल दिलाय, आता पुन्हा कशाला विचारता?' असं कुणी म्हणालं की मला तो जिना आठवतो. कौल कुणी दिला आणि कशाला दिला, हे दोन्ही जरा उकलून बघण्यासारखं आहे.

२३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर प्रश्न होता एवढाच: युनायटेड किंग्डमने युरोपीय संघाचं सदस्य राहावं की युरोपीय संघ सोडावा? खाली दोन पर्याय, दोन चौकोन, आणि फुली मारायला मतदान केंद्रातली पेन्सिल. (पेन्सिलीची मतं नंतर खोडली जातील अशी अफवा इतकी पसरली की बरेच जण घरून पेन घेऊन गेले.) सरकारने आधी 'राहावं का?' असा हो-नाहीचा प्रश्न काढला होता. त्या मांडणीचा कल 'राहावं'कडे झुकतो असं सांगून निवडणूक आयोगाने तो बदलायला लावला. प्रश्नाच्या शब्दांवर एवढा कीस पडला, पण 'सोडावा' म्हणजे सोडून जायचं कुठे, हे मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

निकाल लागला. सोडावा: १ कोटी ७४ लाख. राहावं: १ कोटी ६१ लाख. टक्क्यांत ५१.९ विरुद्ध ४८.१. मतदान ७२ टक्क्यांच्या वर, म्हणजे लोक उदासीन होते असं म्हणायला जागा नाही. इंग्लंड आणि वेल्सने सोडायचं म्हटलं. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्क्यांनी राहायचं म्हटलं.

आता यातली कायद्याची गंमत. हे सार्वमत ज्या कायद्याखाली झालं त्या २०१५ च्या कायद्यात निकाल सरकारवर बंधनकारक राहील असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. जिंकायला किमान किती टक्के हवेत तेही नव्हतं. कायद्याच्या भाषेत हा नुसता सल्ला. पण मतदानाआधी सरकारने घरोघरी जे पत्रक वाटलं त्यात स्पष्ट शब्द होते की निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. कागदोपत्री सल्ला आणि तोंडी वचन. पुढची साडेतीन वर्षं ब्रिटन या दोहोंच्या मधल्या फटीत अडकून पडलं.

आपल्याकडे सोसायटीच्या पुनर्विकासातून गेलेल्या माणसाला हे चटकन कळेल. पहिल्या विशेष सभेत इमारत पाडून नवी बांधायची असं तत्त्वतः ठरतं. मग निविदा येतात. कुणी किती कार्पेट एरिया देणार, भाडं किती, कॉर्पस फंड किती, ते टेबलावर येतं आणि विकासक निवडायला पुन्हा सभा भरते. पहिल्या सभेत हात वर करणारे पाटीलकाका दुसऱ्या सभेत 'या अटींवर नको' म्हणाले तर त्यांना कुणी पलटूराम म्हणत नाही. ब्रिटनने पहिली सभा घेतली आणि इतिवृत्तात दुसऱ्या सभेची नोंदच केली नाही.

आणि 'सोडणं' काही एका प्रकारचं नव्हतं. नॉर्वेसारखं बाहेर राहून संघाच्या एकल बाजारात राहता येतं, पण मग नियम त्यांचे आणि माणसांची येजा खुली. तुर्कस्तानसारखा आयात शुल्कापुरता संघ करता येतो. कॅनडासारखा नुसता व्यापार करार करता येतो. किंवा काहीच न करता दार आपटून निघता येतं. त्यात उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सरहद्द. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ च्या करारापासून तिथे कुणी गाडी अडवत नाही, आणि आता तीच युरोपीय संघाची बाह्य सीमा होणार होती. १ कोटी ७४ लाखांपैकी कुणाला यातलं नेमकं काय हवं होतं? मतपत्रिकेत ते विचारलंच नव्हतं, त्यामुळे जो तो आपापल्या मनातलं ब्रेक्झिट त्या फुलीत वाचायला मोकळा होता.

तेव्हा दुसरं सार्वमत मागणाऱ्यांचा मुद्दा असा: पंतप्रधान थेरेसा मे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाशी जो करार आणला, तो आता निदान छापील स्वरूपात समोर आहे, तो पसंत आहे का, एवढं लोकांना विचारा. युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ ला निकाल दिला की संघ सोडण्याची दिलेली नोटीस ब्रिटन एकतर्फी मागे घेऊ शकतं, त्यासाठी बाकीच्यांची परवानगी लागत नाही. म्हणजे 'राहू या' हा पर्याय तेव्हा खरोखर जिवंत होता.

विरोधकांचं म्हणणं याहून सोपं होतं, म्हणून जास्त पोचलं: हरलात की पुन्हा खेळ मांडता, हा रडीचा डाव आहे. शिवाय पहिल्याचा निकाल अमलात यायच्या आत दुसरं घेतलं, तर तिसरं का नाही?

या संशयाला जुनी मुळं होती. युरोपात 'योग्य उत्तर येईपर्यंत विचारत राहतात' अशी बोलवा आधीपासून आहे. डेन्मार्कने जून १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट कराराला, म्हणजे ज्यातून युरोपीय संघ उभा राहिला त्या कराराला, ५०.७ टक्क्यांनी नकार दिला. युरो चलन, संरक्षण वगैरे चार बाबतींत सवलत मिळवून मे १९९३ मध्ये पुन्हा विचारलं, ५६.७ टक्के होकार आला. त्या रात्री कोपनहेगनमध्ये दंगल उसळली, पोलिसांनी गोळीबार केला, दहाहून अधिक माणसं जखमी झाली. तेव्हा 'फक्त पुन्हा विचारायचंय, त्यात काय बिघडतं' असं म्हणणाऱ्यांनी ती रात्र विसरू नये.

आयर्लंडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथे २००१ मध्ये संघाच्या विस्तारासाठीच्या नीस कराराला ५३.९ टक्के नकार मिळाला, पण मतदानच जेमतेम ३५ टक्के. देशाच्या तटस्थतेला धक्का लागणार नाही अशी हमी जोडून २००२ मध्ये पुन्हा विचारलं, ६२.९ टक्के होकार. लगेच निष्कर्ष काढला गेला की लोकांनी मत बदललं. आकडे उघडून बघितले तर नकाराची मतं दोन्ही वेळा जवळपास सारखीच, सव्वापाच लाखांच्या आसपास. होकाराची मात्र दुप्पट झाली. म्हणजे नाही म्हणणारे पलटले नव्हते. घरी बसलेले बाहेर पडले होते. हा युक्तिवाद ब्रिटनमध्ये चालणारा नव्हता, कारण तिथे लोक पहिल्याच खेपेला घराबाहेर पडले होते.

एक गोष्ट दोन्ही देशांत समान होती: दुसऱ्या वेळी मतदारापुढचा कागद बदललेला होता. तोच प्रश्न, त्याच अटी, फक्त तारीख नवी, असं नव्हतं.

तसं बघायला गेलं तर २०१६ चं सार्वमतच दुसरं होतं! ५ जून १९७५ ला ब्रिटनने तेव्हाच्या युरोपीय समुदायात राहायचं का, यावर मतदान केलं होतं आणि ६७ टक्के लोकांनी राहू या म्हटलं होतं. ४१ वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा कुणी रडीचा डाव म्हटलं नाही. मग ४१ वर्षं चालतात आणि ३ चालत नाहीत, तर रेघ कुठे मारायची? नॉर्वेने १९७२ आणि १९९४ असं २२ वर्षांनी विचारलं, दोन्ही वेळा नकार. कॅनडातल्या क्वेबेकने १९८० मध्ये ५९.६ टक्क्यांनी वेगळं व्हायला नकार दिला, १९९५ मध्ये पुन्हा विचारलं तर नकार उरला ५०.५८ टक्के, फरक फक्त ५४,२८८ मतांचा. त्या धसक्याने कॅनडा शहाणा झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं की वेगळं व्हायचं तर प्रश्नही स्पष्ट हवा आणि बहुमतही स्पष्ट हवं. २००० मध्ये तसा कायदा झाला. स्पष्ट बहुमत म्हणजे किती, ते मात्र त्यात आकड्यात लिहिलेलं नाही. लिहिणार कोण?

पुन्हा कधी विचारायचं याचा लेखी नियम खुद्द युनायटेड किंग्डममध्ये एका ठिकाणी आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. उत्तर आयर्लंडने आयर्लंडमध्ये सामील व्हायचं का, यावर सार्वमत घेतलं तर पुढचं सात वर्षांच्या आत घेता येत नाही. १९९८ च्या करारात आणि कायद्यात हे आहे. सात हा आकडा काही पवित्र नाही. पण तो डाव सुरू व्हायच्या आधी ठरला, म्हणून दोन्ही बाजूंना चालतो. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात असा आकडा कुठे लिहिला नाही, 'पिढीतून एकदा मिळणारी संधी' असं नुसतं बोललं गेलं, आणि ती पिढी किती वर्षांची यावर आजही तंटा चालू आहे.

आता खरा गुंता. समजा, दुसरं सार्वमत घ्यायचं ठरलं. विचारायचं काय? समोर तीन वाटा होत्या: मे यांचा करार, कराराविना बाहेर, आणि राहणं. शंभर मतदार घ्या. आकडे माझे, समजुतीपुरते. चाळीस जणांना राहायचंय. ते नाहीच जमलं तर त्यांना करार चालेल. पस्तीस जणांना कराराविना बाहेर पडायचंय; ते नाही तर निदान करार तरी. पंचवीस जणांची पहिली पसंती करार. त्यातले पंधरा दुसऱ्या क्रमांकावर 'राहू' म्हणतील, दहा 'कराराविना'.

तिन्ही पर्याय ठेवून जास्त मतं त्याचा विजय, असं केलं तर राहणं जिंकतं, चाळिसांनी. पसंतीक्रम लावला तर करार सगळ्यात आधी बाद होतो, त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात आणि राहणं ५५ विरुद्ध ४५ असं जिंकतं. पण फक्त 'करार की राहणं?' एवढंच विचारलं तर करार ६० विरुद्ध ४० असा जिंकतो. 'करार की कराराविना?' विचारलं तरी करारच, ६५ विरुद्ध ३५. म्हणजे जो पर्याय दोघांशीही समोरासमोर जिंकतो तोच तिघांत शेवटचा येतो. मतदार तेच, मनं तीच. निकाल ठरवतो तो प्रश्न लिहिणारा. मे यांच्याच पक्षातल्या माजी मंत्री जस्टिन ग्रीनिंग यांनी २०१८ मध्ये तीन पर्याय आणि पसंतीक्रम असा प्रस्ताव मांडला होता, आणि कराराच्या बाजूचे लोक त्यावर का खूश नव्हते ते या गणितावरून ध्यानात येईल.

वेळेचाही प्रश्न होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या राज्यघटना अभ्यासकांनी हिशेब काढला होता: कायदा करणं, निवडणूक आयोगाने प्रश्न तपासणं, प्रचाराचा काळ धरून कमीत कमी २२ आठवडे. बाहेर पडायची ठरलेली तारीख होती २९ मार्च २०१९.

मग संसदेत जे झालं ते आपल्याकडच्या वाहिन्यांनीसुद्धा चवीने दाखवलं. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला, आणखी दोनदा आणला, दोनदा हरला. २७ मार्चला खासदारांनी वेगवेगळे आठ पर्याय मतदानाला टाकले, आठही नापास. १ एप्रिलला चार टाकले, चारही नापास. 'करार लोकांकडून मंजूर करून घ्या' हा ठराव त्या दिवशी २८० विरुद्ध २९२ असा १२ मतांनी पडला. दोन्ही दिवशी सगळ्यात जास्त होकार याच ठरावाला मिळाले होते, हे मला आजही नवल वाटतं. सर्वांत आवडता पर्याय, आणि तरीही नापास. वरची शंभर मतदारांची गोष्ट संसदेत ६५० जणांनी करून दाखवली म्हणा ना.

शेवटी निर्णय केला तो १२ डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीने. हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन यांची घोषणा साधी होती: एकदाचं ब्रेक्झिट उरका. तीन वर्षं तेच तेच ऐकून विटलेल्या माणसाला एकदाचं गंगेत घोडं न्हाऊ दे असंच वाटत होतं. मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन म्हणत होते की तीन महिन्यांत नवा करार आणू, सहा महिन्यांच्या आत सार्वमत घेऊ, आणि त्यात मी स्वतः तटस्थ राहीन. तटस्थ! हे ऐकून मतदाराने घ्यायचं तरी काय? लिबरल डेमोक्रॅट तर सार्वमतही न घेता ब्रेक्झिट रद्दच करू म्हणाले. जॉन्सन यांना ४३.६ टक्के मतं आणि ३६५ जागा मिळाल्या. दुसरं सार्वमत मागणाऱ्या किंवा राहू म्हणणाऱ्या पक्षांच्या मतांची बेरीज निम्म्याच्या किंचित वर जाते, पण ती मतं चार-पाच पक्षांत वाटलेली. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं.

निवडणूक म्हणजे सार्वमत नव्हे, हे गोवेकरांना कुणी शिकवायला नको. १९६३ च्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि 'गोवा महाराष्ट्रात विलीन करायला लोकांनी कौल दिला' असा अर्थ लावला गेला. विरोधकांनी हट्ट धरला की हा एकच प्रश्न वेगळा विचारा. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. दोन पानांच्या बाजूचा प्रचार 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकातून, म्हणजे मराठीतूनच, झाला, हे महाराष्ट्रात अजून बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, तर त्याच गोवेकरांनी पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं. माणूस हवा, त्याची ती एक मागणी नको. ब्रिटनच्या डिसेंबर २०१९ च्या मतांतून 'लोकांना हेच ब्रेक्झिट हवं होतं' असं वाचणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

गोव्यात आणखी एक झालं होतं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता, प्रश्न आणि पर्याय कायद्याने आधीच बांधलेले होते, आणि दोन्ही पर्यायांचा अर्थ दुसऱ्या दिवशी काय होणार ते शेतावरच्या माणसालाही ठाऊक होतं. तो कौल पुन्हा घेतला गेला नाही.

माझं मत विचाराल तर २०१९ मध्ये दुसरं सार्वमत मागणारे तर्काने बरोबर होते आणि तरी त्यांचं चुकलं. वरातीमागून घोडं चालत नाही. दोन टप्प्यांत विचारू, हे २०१५ च्या कायद्यात लिहिलं असतं तर कुणाला रडीचा डाव म्हणता आलं नसतं. आणि ही कल्पना काही राहणाऱ्यांचीच नव्हती. पुढे कट्टर ब्रेक्झिटवाले म्हणून गाजलेले जेकब रीस-मॉग यांनीच २०११ मध्ये संसदेत दोन सार्वमतांची वाट सुचवली होती, दुसरं वाटाघाटी संपल्यावर. सोडण्याच्या बाजूचे पुढारी नायजेल फराज मे २०१६ मध्ये म्हणाले होते की ५२-४८ असा निकाल लागला तर विषय मुळीच संपणार नाही. तेव्हा त्यांना आपण ४८ मध्ये असू असं वाटत होतं. निकालाआधी इंटरनेटवर एक याचिका निघाली होती: विजयी बाजूला ६० टक्के नसतील आणि मतदान ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुन्हा सार्वमत घ्या. काढणारा सोडण्याच्या बाजूचा होता. निकाल लागल्यावर तिच्यावर ४० लाखांहून जास्त सह्या पडल्या, त्या मात्र राहणाऱ्यांच्या. याचिका तीच, फक्त हरलेले बदलले.

आता पुन्हा विचारायचं म्हटलं तरी २०१६ च्या मतपत्रिकेवरचं 'राहावं' शिल्लक राहिलेलं नाही. परत शिरायला नवा अर्ज, आणि सत्तावीसच्या सत्तावीस देशांची संमती. थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट गेली. युरो न घेण्याची आणि खुल्या सीमांच्या शेंगेन व्यवस्थेबाहेर राहण्याची मुभाही गेली. मजूर पक्षाने २०२४ ची निवडणूक जिंकली ती एकल बाजारातसुद्धा परत जाणार नाही असं जाहीरनाम्यात लिहून.

भाऊ २०१९ मध्ये पुण्याला परत आला. शेजारचा पोलिश गवंडी तिथेच राहिला, त्याने आधी कायम वास्तव्याचा दाखला काढला आणि मग ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. पुढेमागे सार्वमत झालंच तर कार्ड त्याच्या दारात पडेल.